ओळखीचा नट : गावकऱ्यांच्या रंगभूमीचा एक विचार

मराठी रंगभूमीचा इतिहास लिहावयास बसलेला अभ्यासक बहुधा सांगलीपासून आरंभ करतो. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवरा'चा प्रयोग केला, आणि तेथून पुढे किर्लोस्कर, देवल, खाडिलकर, गडकरी अशी सरळ वाट त्याच्या पायांखाली येते. तंजावरच्या भोसले राजांची मराठी नाटके उजेडात आल्यानंतर या वाटेस मागील बाजूने आणखी एक मजल जोडण्यात आली, इतकेच. दोन्ही ठिकाणी राजाश्रय होता आणि दोन्ही ठिकाणी अभ्यासकाच्या हाती कागद लागतो. ज्या नाटकास राजा नव्हता आणि ज्याची पोथी सापडत नाही, त्यास 'लोकनाट्य' या एका शब्दाच्या कोनाड्यात बसवून आपण पुढे चालू लागतो. यातील विसंगती अशी की, भाव्यांच्या नाटकांतही पदे तेवढी रचलेली असत. भाषणे नटांनी प्रसंग पाहून आपल्या मनाने करावयाची असत. ज्या कारणासाठी आपण खेड्यातील खेळास वाङ्मयाच्या उंबरठ्याबाहेर ठेवतो, ते कारण आपल्या आद्य नाटककारासही थोडेबहुत लागू पडते. पण त्यांच्या बाबतीत ते कोणी काढीत नाही.

संहितेचा अभाव हा गावकऱ्यांच्या नाटकाचा दोष मानावयाचा की त्याचे लक्षण, हा प्रश्न केवळ वर्गीकरणाचा नव्हे. दोष मानला तर त्याचे परीक्षण दोन ओळींत आटोपते : कथानक शिथिल, संवाद भडक, अभिनय अतिरंजित. वर्तमानपत्रांतून आणि स्पर्धांच्या परीक्षकांकडून असे अभिप्राय आपण पुष्कळ ऐकले आहेत. ते खोटे असतात असे नाही. ते अस्थानी असतात. माझे म्हणणे असे की, गावाने स्वतः रचून स्वतः केलेल्या नाटकाची मुख्य सामग्री संहितेत नसतेच. ती नट आणि प्रेक्षक यांच्या पूर्वपरिचयात असते, आणि तो परिचय ज्याने जमेस धरला नाही त्याने ते नाटक पाहिलेच नाही.

या दृष्टीने बाजारहत्नूरच्या परिसराकडे पाहण्यासारखे आहे. आदिलाबाद जिल्ह्यातील हे मंडलाचे ठिकाण मराठी साहित्याच्या नकाशावर सहसा दिसत नाही. जुन्या हैदराबाद संस्थानातील आदिलाबाद जिल्ह्यात मराठी, तेलुगू आणि गोंडी या तिन्ही भाषा शेजारधर्माने नांदत होत्या. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट व राजुरा हे त्याचे भाग नांदेड जिल्ह्यात आले, राजुरा पुढे १९५९ मध्ये चांद्यास जोडला गेला. बाजारहत्नूर मात्र आंध्र प्रदेशात राहिले आणि २०१४ पासून ते तेलंगणात आहे. राज्याची रेषा आणि भाषेची रेषा येथे जुळत नाहीत. कचेरीचा व्यवहार तेलुगूत चालतो, घरात आणि बाजारात मराठी ऐकू येते, आणि डोंगराकडील गोंडवस्त्यांतून गोंडी. अशा ठिकाणी नाटक म्हणून ज्याचा शोध घ्यावयाचा ते नाट्यगृहात सापडणार नाही, हे उघड आहे. ते दिवाळीच्या दिवसांत राजगोंडांच्या दंडारीत सापडते.

दंडारी हे नृत्य आहे, उत्सव आहे, व्रत आहे, आणि नाट्यही आहे. एत्मासूर पेन या देवाची पूजा करून गावाचे पथक निघते. मोरपिसांचा भला मोठा टोप, अंगास फासलेली राख, हातात दंड, खांद्यावर मृगाजिन अशा वेषातील गुसाडी हे त्याचे सर्वांत ठळक रूप. त्याच्या जोडीस स्त्रीवेष घेतलेले तरुण असतात. त्यांस 'पोरिक', म्हणजे मुली, असेच म्हणतात. गुमेला, पर्रा आणि पेप्रे यांच्या साथीवर नाच चालतो, आणि मधून मधून हसविणारी सोंगे येतात. गुसाडीने व्रत चालू असेपर्यंत स्नान करावयाचे नसते. त्याच्या ठायी देवाचा संचार आहे असे मानून लोक त्याच्यापुढे वाकतात. पथक आपल्याच गावात नाचून थांबत नाही. ते दुसऱ्या गावी पाहुणे म्हणून जाते, तेथे मुक्काम करते, यजमान गाव त्यास जेवू घालते. आणि ज्या कुळांशी सोयरीक होऊ शकते त्यांच्या गावी जाण्यास विशेष महत्त्व असते. १९४० नंतरच्या काळात मार्लवाई येथे राहून राजगोंडांचा अभ्यास करणारे हाइमेनडॉर्फ यांचा ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. त्यांची दृष्टी मानववंशशास्त्रज्ञाची होती, नाट्यसमीक्षकाची नव्हे. म्हणून ज्या एका गोष्टीकडे नाट्याच्या अभ्यासकाने थांबून पाहावे, ती आपल्यासाठी शिल्लक राहिली आहे.

ती गोष्ट अशी. जो मनुष्य आज देवाच्या अधिकाराने आशीर्वाद देत आहे, तो कोणाचा मुलगा, त्याचे शेत कोठे, गेल्या वर्षी त्याचे पीक कसे बुडाले, हे समोर बसलेल्या प्रत्येकास ठाऊक असते. पोरिक होऊन लाजणाऱ्या तरुणाचे लग्न ठरावयाचे आहे, हेही ठाऊक असते. किंबहुना पाहुण्या गावातील वडीलधारी मंडळी त्याच्याकडे नाचणारा म्हणून पाहतात तशीच जावई म्हणूनही पाहत असतात. सोंग आणि सोंग घेणारा हे दोघेही एकाच वेळी उघडे असतात, आणि त्यामुळे कोणाची श्रद्धा उणी होत नाही, कोणाचे हसूही.

दंडारीचे नाव काढताच पूर्व विदर्भातील वाचकास आपली दंडार आठवेल. या दोन शब्दांचे मूळ एकच आहे किंवा कसे, हा वाद भाषाशास्त्रज्ञांकडे सोपवून आपण व्यवहाराकडे पाहू. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतील धानाच्या आणि जंगलाच्या पट्ट्यास झाडीपट्टी म्हणतात. दिवाळीनंतर तेथे गावोगाव मंडई भरते, आणि मंडईच्या रात्री दंडार उभी राहते. करणारे गावचेच, कुणबी, तेली, ढिवर, गोंड, ज्यास गळा आहे तो गाणारा, ज्यास पाय आहेत तो नाचणारा. बाईची सोंगे पुरुष घेतात. गणाने आरंभ होतो, झडती, लावण्या, सवालजबाब यांतून रात्र सरत जाते, आणि एखाद्या प्रसंगाभोवती कथा बांधलेली असली की ती परसंगी दंडार. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोली आणि दंडार यांवर आयुष्यभर काम केले नसते तर या साऱ्याची नोंद मराठी अभ्यासकांच्या दप्तरी झालीच नसती. दंडारीप्रमाणेच येथेही पाहुण्यांचे येणे हा खेळाचा बाह्य उपचार नाही. सासरी गेलेल्या लेकी या निमित्ताने माहेरी येतात, घरोघर पाहुणे उतरतात, आणि दिवसा सोयरिकीच्या गोष्टी निघतात. नाटक रात्रीचे आणि सोयरीक दिवसाची असली तरी दोहोंत माणसे तीच असतात.

आता परिचयाच्या मुद्द्याकडे वळू. आपल्या नाट्यशास्त्राने या परिचयास विघ्न मानले आहे. भट्टनायकाने साधारणीकरणाचा सिद्धांत मांडला. अभिनवगुप्ताने रसास्वादाच्या मार्गातील विघ्ने सांगताना विशिष्ट देश, काळ आणि व्यक्ती यांची जाणीव हे एक विघ्न गणले, आणि मुकुटादी वेषभूषेने नटाचे स्वरूप झाकले जाते म्हणून ते दूर होते असे प्रतिपादन केले. समोरचा हा अमुक नट आहे ही बुद्धी झाकली गेली पाहिजे, तरच रामाचा शोक हा केवळ रामाचा न राहता सहृदयाचा होतो. हे विवेचन सूक्ष्म आहे आणि शहरातील नाट्यगृहास ते आजही बहुतांशी लागू पडते. पण दंडारीतील गुसाडीने कितीही मोठा टोप घातला तरी तो कोण हे झाकले जात नाही, आणि दंडारीत तसा प्रयत्नही नसतो. मग येथे रसनिष्पत्ती होत नाही असे म्हणावयाचे काय? जे शास्त्र प्रत्यक्ष अनुभवास नाकारते ते शास्त्रकाराच्याच भूमिकेस सोडून वागते, कारण भरताने नाट्याचे प्रमाण म्हणून लोकासही मान दिला आहे.

एक उदाहरण घ्या. गावात ज्याचे किराणा दुकान आहे, ज्याच्या वहीत निम्म्या गावाची उधारी आहे, तो गृहस्थ हरिश्चंद्र होतो. राज्य गेले, बायको विकली, मुलगा गेला, आणि डोंबाघरी राबणारा हरिश्चंद्र तारामतीकडे स्मशानाचे दान मागतो. नाट्यगृहातील प्रेक्षक येथे हरिश्चंद्राच्या सत्यनिष्ठेने हेलावतो. गावातला प्रेक्षकही हेलावतो. पण त्याच क्षणी त्याला आपली उधारी आठवते, आणि मागणारा आणि देणारा यांच्या जागा आज उलटल्या आहेत हे त्याला दिसते. तो हसतो आणि त्याचे डोळेही भरून येतात. सत्य पाळण्यासाठी सर्वस्व देणाऱ्या राजाच्या तोंडून दुकानदारास जे बोलावे लागले ते त्याला उद्या सकाळी दुकानात बसल्यावर पुसता येत नाही. गाव ते त्याला आठवण करून देते. शहरातील नट भूमिका उतरवून घरी जातो. गावातील नटास ती पुढे काही महिने वागवावी लागते. ज्या सोंगाने मनुष्यास टोपणनाव मिळते आणि ते मरेपर्यंत चिकटते, त्या सोंगाची पकड अभिनयाच्या कौशल्यावरून कशी मोजणार? येथे जो परिणाम होतो तो भूमिका आणि व्यक्ती यांच्या अंतरातून होतो. ते अंतर बुजविणे हे आपल्या नाट्यगृहाचे ध्येय, ते उघडे ठेवणे ही गावाची रीत. शंकुकाने चित्रतुरगाचा दृष्टांत दिला : चित्रातील घोड्यास आपण घोडा म्हणतो, ते खरेही नव्हे आणि खोटेही नव्हे. गावात चित्रातला घोडा प्रेक्षकाच्या गोठ्यातलाच असतो, एवढा भेद दृष्टांतात करून घ्यावा लागेल. ब्रेख्टच्या नावाने हल्ली अशा अंतराची चर्चा फार होते. पण त्याने ते कलेच्या युक्तीने निर्माण केले, येथे ते शेजारामुळे आपोआप असते. म्हणून ती तुलना फार ताणू नये.

परिचयावर उभे असलेले नाटक म्हणजे मागासलेल्या समाजाची अवस्था, असा कोणाचा समज असेल तर त्याने बव्हेरियातील ओबरआमरगाउ या गावाकडे पाहावे. प्लेगातून सुटका व्हावी म्हणून १६३३ साली त्या गावाने ख्रिस्ताच्या यातनांचे नाटक करण्याचा नवस केला, १६३४ मध्ये पहिला प्रयोग झाला, आणि साधारणतः दर दहा वर्षांनी तो आजतागायत होतो. २०२० चा प्रयोग महामारीमुळे २०२२ मध्ये झाला. त्यात भाग घेण्यास त्या गावी जन्मलेला किंवा वीस वर्षे तेथे राहिलेला मनुष्य लागतो. जगभरचे प्रेक्षक येतात, पण नट बाहेरून येत नाही. आणि तेथील संहिता वारंवार बदलली गेली आहे. १९३४ साली ज्या प्रयोगास हिटलर जाऊन बसला, त्या नाटकातील यहुदीद्वेषाचा अंश काढून टाकण्याचे काम पुढे गावातच झाले, गावातल्याच भांडणांतून झाले. नट बदलावयाचा नाही, संहिता बदलावयाची, हा त्यांचा क्रम आहे. आपण संहिता जपण्यास निघतो आणि नटाची चौकशी करीत नाही. कोकणातील दशावतारातही भाषणे लिहिलेली नसतात आणि शेती करणारा मनुष्य रात्री राजा होऊन येतो. पण तेथे फिरती मंडळे आहेत, म्हणून ओळखीचा मुद्दा थोडा निराळा पडतो.

झाडीपट्टीत मात्र ओळखीचा हा धागा आपल्या डोळ्यांदेखत सैल झाला आहे. दंडारीच्या जागी हळूहळू रंगमंचावरचे नाटक आले. आरंभी तेही गावकऱ्यांचेच होते : बांधावरच्या मोकळ्या शेतात मंच, पडदे, पेटी-तबला, आणि शहरातील संगीत नाटक ओसरल्यानंतरही टिकून राहिलेली पदे. पुढे वडसा-देसाईगंज येथे व्यावसायिक मंडळे उभी राहिली. आज दिवाळीपासून होळीच्या सुमारापर्यंत चालणाऱ्या हंगामात गावाची समिती वडशास जाते, नाटक पसंत करते, रक्कम ठरविते, तिकिटे विकते. रात्री दहाच्या सुमारास पडदा वर जातो आणि पहाटेस खाली येतो. नटी नागपूरहून येते, कधी मुंबईपुण्याहून. एका हंगामात अनेक नाटके उभी करावयाची म्हणून तालमी थोड्या आणि सूत्र सांगणाऱ्यावर भार फार. जे गाव नाटक करीत होते ते आता नाटक बोलावते.

यावर शहरातील टीकाकार रडकी कथानके आणि मधल्या नाचगाण्यांवर नाक मुरडतात, आणि तिकडचे अभिमानी कोट्यवधींची उलाढाल सांगून त्यांस गप्प करू पाहतात. दोघांचेही बोलणे मला मुद्द्यास सोडून वाटते. भडकपणा हा दोष असला तरी तो दुय्यम आहे, आणि उलाढाल हा गुण असला तरी तो नाट्यगुण नव्हे. विचारावयाचे ते असे : परिचयाचे काय झाले? समितीने ठरविलेल्या नाटकात गावचा एखादा हौशी तरुण एका प्रवेशापुरता येतो तेव्हा प्रेक्षकांत जी लाट उठते, ती नागपूरच्या नटीच्या लावणीला उठणाऱ्या शिट्यांहून निराळी असते. ही लाट जोवर उठते तोवर जुने नाटक नव्याच्या पोटात जिवंत आहे, असे मी मानतो. शिवाय या रंगभूमीचे लेखक व नट अद्याप त्याच मातीतले आहेत. नवरगावचे सदानंद बोरकर लिहितात, दिग्दर्शन करतात आणि स्वतः उभेही राहतात. गुरनोलीचे परशुराम खुणे यांनी शेतीची पाठराखण न सोडता शेकडो भूमिका केल्या. मंडळ वडशाचे झाले तरी माणसे पंचक्रोशीतली, म्हणून ओळख पूर्णपणे तुटत नाही. ती गावाऐवजी पट्टीभर पसरते आणि पसरताना पातळ होते.

खरी हानी मला भाषेत दिसते. दंडार झाडीबोलीत चाले. त्या बोलीत ण, ळ, श, ष, छ हे वर्ण नाहीत. डोळ्यास ती 'डोरा' म्हणते. व्यावसायिक नाटकात नायक प्रमाण मराठी बोलतो आणि झाडीबोली बहुधा विनोदी पात्राच्या वाट्यास येते. ज्या बोलीत कालपर्यंत हरिश्चंद्र रडत होता, तिच्यात आज केवळ गडी हसवितो. गावाच्या दुःखास गावाची भाषा पुरेशी भारदस्त नाही, असा निवाडा त्या गावच्याच रंगमंचावरून रात्रभर दिला जातो, आणि तो देणारे लेखक बाहेरचे नाहीत. व्याकरणाच्या तासाला आम्ही शिक्षकांनी केलेल्या कामाचा हा परिणाम नाही असे म्हणण्याचे धैर्य मला होत नाही.

तथापि ही रंगभूमी कोणत्या तरी जत्रेची शेपटी आहे, तमाशाबरोबर चालणारी करमणूक आहे, ही समजूत अलीकडच्या घटनांनी खोटी ठरविली. झाडीपट्टीत नाटकाची सांगड शंकरपटाशी, म्हणजे बैलांच्या शर्यतीशी, असे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने शर्यती थांबल्या. १६ डिसेंबर २०२१ च्या आदेशाने त्या पुन्हा सुरू झाल्या, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने संबंधित कायदा वैध ठरविला. मधल्या साडेसात वर्षांत पट नव्हता, पण नाटक चालू होते. लोक बैल पाहावयास येतात आणि रात्र काढण्यासाठी नाटकास बसतात, असे म्हणणाऱ्यांनी या वर्षांचा हिशेब द्यावयास हवा.

शासनाने दोन्ही परंपरांचा गौरव केला आहे. गुसाडी नृत्यासाठी मार्लवाईचे कनक राजू यांस २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. ते २०२४ मध्ये निवर्तले. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांस तोच सन्मान मिळाला. दोघेही त्यास सर्वथा पात्र. परंतु पदक एकाच्याच छातीवर लावता येते, आणि ज्या कलेत पाहणारा हा अर्धा कर्ता असतो तिच्या बाबतीत ही अडचण दूर करण्याचा उपाय कोणत्याही शासनाकडे नाही. गुसाडी राजधानीतील संचलनात नाचतो तेव्हा मोरपिसे तीच असतात, पाऊलही तेच असते. फक्त तो कोणाचा मुलगा हे कोणास ठाऊक नसते. माझ्या मते तेथे नृत्य पोहोचते, दंडारी मागे राहते.

मग बाजारहत्नूरच्या मराठी माणसाने नाटक करावयाचे ठरविले तर ते कसे असेल? वडशाचे नाटक मागविणे त्यास अंतरामुळे सोयीचे नाही, आणि पुण्यामुंबईची छापील संहिता घेऊन केलेला प्रयोग हा पाठांतराचा समारंभ होण्याची भीती आहे. त्याच्या शेजारी मात्र दंडारी आहे. त्याच्या प्रेक्षकांत तेलुगू, गोंडी आणि मराठी जाणणारी माणसे एकाच सतरंजीवर बसणार; तेव्हा कोणत्या पात्राने कोणत्या भाषेत बोलावे हे ठरविताना त्याला गावातील प्रत्यक्ष व्यवहार तेवढा आठवावा लागेल : सावकाराशी कोणती भाषा, देवाशी कोणती, कचेरीत कोणती, भांडताना कोणती. असे नाटक एकभाषी लिहिता येणार नाही. आपल्या परिषदांच्या स्पर्धांच्या नियमांत ते बसणारही नाही, कारण आपण मराठी संहिता मागतो.

अशा खेळांचे संकलन करू इच्छिणाऱ्यांस एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. ध्वनिमुद्रण करावे, पदे उतरवून घ्यावीत, जुन्या वह्या मिळाल्या तर त्यांच्या प्रती कराव्यात. हे सर्व होऊ लागले आहे. त्याबरोबर एक पात्रनोंदही घ्यावी. कोणती भूमिका कोणी केली, तो गावात काय करतो, आदल्या वर्षी ती कोणाकडे होती, ती त्याच्याकडून का गेली, पाहुणे कोणत्या गावचे होते आणि त्यांचे नाते काय, प्रेक्षक कोठे हसले आणि ते हसण्याचे कारण संहितेत होते की माणसात. ही शेवटची माहिती बाहेरच्या संग्राहकास कळणार नाही. ती गावच्या शिक्षकास विचारावी, आणि तो बदलीवर आलेला नवखा असेल तर पहिल्या रांगेत बसलेल्या एखाद्या म्हातारीस.